लॅपटॉप घ्यायचाय: तक्ता केला आणि आता तक्त्यातच अडकलोय

काठावरचा

नमस्कार मंडळी. माझा २०१६ चा लॅपटॉप अजून चालतो, म्हणजे चालू होतो. त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर असल्यामुळे विंडोज ११ त्याला दारातही उभं करत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चार्जर काढला की दहा मिनिटांत मान टाकतो. तेव्हा नवा घेणं आलं.

माझं काम असं: मोठाले दस्तऐवज, त्याहून मोठ्या स्प्रेडशीट, ब्राउझरमध्ये तीस-चाळीस टॅब, रोज दोन-तीन व्हिडिओ कॉल. महिन्यातून एखाद्या वेळी कॅमेऱ्यातल्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फोटोंच्या, फायलींवर बसतो. गेम खेळत नाही. आठवड्यातून दोनदा लॅपटॉप पिशवीत जातो.

गेले पंधरा दिवस तक्ता करतोय. चाळणी लावून तीन उरले. भाव रोज हलताहेत म्हणून आकडे देत नाही, सर्वांत स्वस्ताला १०० धरलंय.

क (१००): एएमडीचा रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी रॅम (काम चालू असतानाची मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (साठवणीची जागा).
ख (१२५): इंटेलचा कोअर आय५ १३३५यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी.
ग (१६०): कोअर आय७ १३५५यू, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी.

तिन्हींचा पडदा १५.६ इंची फुल एचडी, तिन्हींचं वजन साधारण सारखंच. मला ग घ्यावासा वाटतो, आय७ आहे, पुढची आठ-दहा वर्षं बघायला नको. बायको म्हणते क घे. त्याच्याही नावात ५ आहे, ख च्याही नावात ५ आहे, वर रॅम दुप्पट आणि पैसे कमी. तिच्या बोलण्यात खोट सापडत नाही म्हणून इथे आलो.

दोन_स्क्रू

वहिनींच्या बोलण्यात खोट नाही, खोट नावात आहे.

क पासून सुरू करू. एएमडीच्या ७००० मालिकेत चार आकडे असतात आणि लोक पहिले दोन वाचून थांबतात. खरी गोष्ट तिसऱ्या आकड्यात असते: चिपची मूळ रचना कुठली, ते तो सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या रचनांचं नाव). ती रचना २०१९ ची. ७५३०यू असेल तर झेन ३, ७५४०यू असेल तर झेन ४. खोक्यावर तिघांच्याही ठळक अक्षरांत रायझन ५ आणि ७००० मालिका. ७५२०यू मध्ये कोअर (चिपमधले काम करणारे भाग) चार, ७५३०यू मध्ये सहा. म्हणजे एका आकड्याच्या फरकात दोन कोअर आणि एक पिढी गेली. शिवाय ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅम घेतो. ही रॅम बोर्डावर सोल्डर केलेलीच, म्हणजे कायमची जोडलेलीच येते, म्हणजे आज १६ तर कायम १६. (१६ आहे हे त्यातल्या त्यात बरं, याच चिपबरोबर ८ वालेही विकले जातात.)

आता ग. १३३५यू आणि १३५५यू शेजारी ठेवा. दोघांत मोठे कोअर २, छोटे ८. दोघांत १२ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे). दोघांची कॅश (चिपमधली झटपट मेमरी) १२ एमबी. कमाल वेग एकाचा ४.६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ५. म्हणजे फरक दहा टक्क्यांच्याही आत, तोही चिप गार असताना, छोट्याशा कामात. दहा मिनिटं काम चाललं की पंखा आणि डबा किती उष्णता बाहेर टाकतात त्यावर सगळं ठरतं, आणि तिथे बऱ्याचदा दोघं एकाच रेषेवर येतात. आय७ च्या आतले ग्राफिक्स थोडे मोठे आहेत, ९६ युनिटं विरुद्ध ८०. तुम्ही गेम खेळत नाही, सोडून द्या.

तेव्हा १२५ वरून १६० वर जाताना तुम्ही आय७ चे पैसे देत नाही. देताय ते ८ जीबी रॅम, अर्धा टीबी जागा आणि एका स्टिकरचे.

काठावरचा

अरे बापरे. म्हणजे पंधरा दिवस मी स्टिकरांचा तक्ता करत होतो.

मग आय५, आय७ याला अर्थच नाही का?

दोन_स्क्रू

आहे, पण एकाच कुटुंबात, एकाच पिढीत, एकाच शेपटीत. शेपटी म्हणजे शेवटचं अक्षर. यू ची मूळ मर्यादा १५ वॉट, पी ची २८, एच ची ४५. आय५ १३४२०एच मध्ये मोठे कोअर चार आहेत, म्हणजे तुमच्या आय७ च्या दुप्पट. व्हिडिओ संपादून त्याची फाइल काढायला बसवलं तर तो 'आय५' त्या 'आय७' ला मागे टाकेल. त्याच्या बदल्यात बॅटरी लवकर संपवेल आणि पंखा ऐकवेल.

त्यात इंटेलनं २०२३ च्या शेवटी नावातला आय काढून टाकला. एक घराणं 'कोअर अल्ट्रा' आणि दुसरं नुसतं 'कोअर'. आता 'कोअर ५ १२०यू' दिसला तर नवीन वाटतो ना? आत तीच २ अधिक ८ ची मांडणी आहे, १३३५यू चा सख्खा भाऊ. नाव नवं म्हणून जास्त पैसे मागत असतील तर देऊ नका, कमी मागत असतील तर बिनदिक्कत घ्या.

अर्धवट_टॅब

मी आजवर रंग बघून लॅपटॉप घेतले. वाचून बरं वाटलं, फार चुकलो नव्हतो.

फ्रेमपाडू

मी जरा उलट बोलतो. याच भावात थोडे वर गेलात तर वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला येतो. रॉ फायली म्हणालात ना? फोटोतला कणकणपणा काढणारी हल्लीची बहुतेक एआय साधनं ग्राफिक्स कार्डावर चालतात. आतल्या ग्राफिक्सवर जी फाइल काही मिनिटं खाते, ती कार्डावर काही सेकंदांत होते.

फक्त नाव बघून कार्डही घेऊ नका, हे दोन_स्क्रूंच्याच सुरात. आरटीएक्स ४०५० च्या लॅपटॉप आवृत्तीला एनव्हिडिया ३५ पासून ११५ वॉटपर्यंत मोकळीक देते. किती द्यायचे ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो आणि जाहिरातीत नुसतं '४०५०' लिहितो. ११५ वाला आणि ३५ वाला ही वेगळी जनावरं आहेत. वॉटचा आकडा तपशिलाच्या पानावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतो. नसेल तर मी तो कमीच धरतो.

शाईपेन

महिन्यातून एकदा रॉ फाइल उघडणाऱ्या माणसाला तुम्ही रोज अडीच किलो आणि वर तो विटेएवढा चार्जर उचलायला लावताय, फ्रेमपाडू.

काठावरचा, तुमच्या तक्त्यात एक वाक्य मला खुपलं. "तिन्हींचा पडदा १५.६ इंची फुल एचडी." तुम्ही दिवसभर ज्याच्याकडे बघणार आहात त्याच्यासाठी एकच शब्द, आणि जो प्रोसेसर कधी दिसणारही नाही त्याच्यासाठी पंधरा दिवस!

माझंच सांगते. मागच्या वेळी मीसुद्धा प्रोसेसर आणि रॅम जुळवून घेतला. घरी येऊन उघडला तर पांढरं पान राखाडी. मान जरा हलवली की रंग बदलतो. खिडकीजवळ बसले की पडद्यात मजकुराऐवजी मीच दिसते. तपशिलात नंतर शोधलं: २५० निट्स आणि ४५ टक्के एनटीएससी. दोन्ही आकडे आधीपासून पानावर होते, मला त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. चार वर्षं अनुवाद त्याच पडद्यावर केले. लाल रंगात केलेल्या दुरुस्त्या विटकरी दिसायच्या.

अर्थ असा की ४५ टक्के एनटीएससी म्हणजे नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण साठ-पासष्ट टक्केच दाखवणारा पडदा. ७२ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर तो जवळपास पूर्ण एसआरजीबी. हे दोन आकडे ऐकायला शेजारी वाटतात, डोळ्यांना अजिबात नाहीत. फोटो करणार असाल तर पहिला चालणारच नाही. घरात केलेला फोटो बाहेर दुसऱ्याच्या पडद्यावर भडक दिसेल. उजेड किमान ३०० निट्स, खिडकीशी बसत असाल तर ४००. पडदा आयपीएस हवा, म्हणजे बाजूनं पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत असा. 'अँटी-ग्लेअर' हा शब्द असणं म्हणजे पडदा चांगला असणं नव्हे.

आणि लिहिणाऱ्या माणसासाठी उंची. १९२० गुणिले १२०० चा पडदा बघा. नेहमीच्या १०८० पेक्षा १२० ओळी जास्त, म्हणजे नवव्या हिश्शाएवढी जागा खाली मिळते. दस्तऐवजात त्या जागेत तीन-चार ओळी बसतात. ऐकायला किरकोळ वाटतं. महिनाभर वापरून परत १०८० वर बसा, मग कळेल.

फ्रेमपाडू

विटेएवढा नाही, विटेच्या अर्ध्याएवढा. :) पण पडद्याचं मान्य.

काठावरचा

शाईताई, तुमचं वाचून तिन्हींचे पडदे शोधायला गेलो. क आणि ख: २५० निट्स, ४५ टक्के. ग च्या पानावर नुसतं 'फुल एचडी व्हायब्रंट डिस्प्ले'.

शाईपेन

आकडा चांगला असता तर विशेषण लिहायची वेळ आली नसती.

काठावरचा

समजलं. मग असा विचार करतोय: ख घ्यावा, त्यात एक रॅम स्लॉट मोकळा आहे असं लिहिलंय. आत्ता ८, पुढे-मागे ८ ची आणखी एक स्टिक टाकतो. पडद्याचं बघू.

दोन_स्क्रू

वर्षभरापूर्वी विचारलं असतं तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं. ८ चा घ्या, मोकळ्या स्लॉटमध्ये ८ टाका, कंपनी १६ साठी जे जादा घेते त्याच्या निम्म्यात काम होतं. हा सल्ला मी इतक्या जणांना दिलाय की तो माझ्या नावावर जमा आहे.

तो आता मागे घेतो. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव चढू लागले. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते आणि तिघांचे कारखाने एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे वळले. तिकडे पैसा जास्त. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की 'क्रुशल' नावानं आपल्यासारख्यांना विकली जाणारी रॅम आणि एसएसडी ते बंद करताहेत. म्हणजे 'पुढे-मागे टाकू' या वाक्यातलं पुढे-मागे महाग झालं. त्या दिवशीचे दोन भाव शेजारी लिहा: १६ वाल्याचा, आणि ८ वाला अधिक सुट्या स्टिकचा. आधी दुसरा हमखास जिंकायचा, आता तसं गृहीत धरू नका. दुकानदारांकडे जुन्या भावातला तयार माल असतो, तो संपेपर्यंत अख्खा लॅपटॉप सुट्या भागांपेक्षा बरा पडू शकतो.

८ वर राहू का, असं विचाराल. नाही. विंडोज, चाळीस टॅब आणि व्हिडिओ कॉल एवढ्यातच ८ भरतं, आणि वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्सही त्याच ताटात जेवतात.

आणखी एक खोड आहे, ती विक्रीच्या पानावर सहसा लिहिलेली नसते. ख मधली ८ जीबी एकाच स्टिकची असेल तर मेमरीचा एकच मार्ग चालू राहतो. इंटेलच्या या चिपांत अशा वेळी विंडोजमध्ये ग्राफिक्सचं नावसुद्धा बदलतं: 'आयरिस एक्सई' ऐवजी 'यूएचडी' दिसतं. जाहिरातीत आयरिस, घरी यूएचडी, आणि कुणी खोटं बोललेलं नाही. दुसरी स्टिक टाकली की आयरिस उगवतं.

'एक स्लॉट मोकळा' हेही नीट विचारून घ्या. काही ठिकाणी ८ बोर्डावर सोल्डर आणि एक स्लॉट असतो, काही ठिकाणी दोन स्लॉट. दोन्हींत वाढ होते, पण बोर्डावरची रॅम बिघडली तर बोर्डच बदलावा लागतो.

अर्धवट_टॅब

"कुणी खोटं बोललेलं नाही" हे मी छापून भिंतीवर लावणार आहे.

धूळभक्षक

उशिरा आलो. तुम्ही सगळे नव्यातच का अडकलात?

कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप बाहेर काढतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. हे लोकांच्या डोळ्यांत भरावेत म्हणून नाही, देखभाल खात्याला उघडता यावेत म्हणून बनवलेले असतात. खालचे स्क्रू काढले की एसएसडी, वाय-फाय कार्ड, बॅटरी समोर. अनेक मॉडेलांत रॅमही. स्क्रू कुठे आहेत त्याची पुस्तिका कंपनीच्याच संकेतस्थळावर फुकट. बिजागरी वर्षानुवर्षं उघडझाप सोसणारी, कीबोर्ड बोटांना कळणारा. काठावरचांच्या १०० मध्ये बाराव्या पिढीतला असा लॅपटॉप १६ जीबीसह बसायला हरकत नाही.

मी गेल्या तीन वेळा असेच घेतले. एकदा फसलोही, लपवत नाही. एका विक्रेत्यानं 'बॅटरी उत्तम' लिहिलं होतं. घरी विंडोजचा बॅटरी अहवाल काढला, मूळ क्षमता ५७ वॉट-तास आणि आत्ताची २९. परत घेतला त्यांनी, पण तीन आठवडे गेले. तेव्हापासून पैसे देण्याआधी त्या अहवालाचा फोटो मागतो. बायोसला (लॅपटॉप चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) जुन्या कंपनीचा पासवर्ड लागलेला नाही ना, लॅपटॉप तिच्या व्यवस्थापनाखाली अडकलेला नाही ना, तेही बघा. अडकलेला असेल तर विंडोज नव्यानं टाकलं तरी सुरुवातीलाच त्या कंपनीचं नाव येतं आणि गाडी तिथेच थांबते.

इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. विंडोज ११ चा उंबरठा तिथे आहे.

शाईपेन

कीबोर्डाचं शंभर टक्के मान्य. पण या जुन्या कंपनीवाल्यांच्या पडद्यांवरही माझा विश्वास नाही हं. कंपन्या शेकड्यानं घेतात तेव्हा सर्वांत साधा पडदा निवडतात. त्याच मॉडेलमध्ये २५० निट्सचा पडदाही असतो आणि ४०० चाही, आणि विकणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं कुठला आहे.

धूळभक्षक

खरंय. पडद्याचा भाग क्रमांक विचारतो मी, मग शोधतो. लोक वैतागतात.

काठावरचा

धूळभक्षकजी, मोह होतोय, पण मला हमी हवी आहे. काम अडलं तर उपासमार. नवाच घेतो.

बॅटरीबद्दल कुणी बोलेल का? तिन्हींवर 'दहा तासांपर्यंत' असं एकाच छापाचं वाक्य आहे.

दोन_स्क्रू

तास वाचू नका, वॉट-तास वाचा. तुमच्यासारख्या कामात पडदा मध्यम उजेडावर ठेवला तर सरासरी आठ ते दहा वॉट जातात असं धरा. ४२ वॉट-तासाची बॅटरी चार ते पाच तास देईल. ६० ची सहा ते साडेसात. व्हिडिओ कॉल लागला की त्यातूनही काप. 'दहा तास' हे उजेड कमी, वाय-फाय बंद आणि एकच व्हिडिओ फिरत ठेवून काढलेले असतात. (अवांतर: मोठाले गेमिंग लॅपटॉप ९९ च्या आसपासच का थांबतात माहितीय? परवानगी न घेता विमानात नेता येणारी बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंतच असते.)

टाइप-सी बघताना छिद्र मोजू नका. एकसारख्या दिसणाऱ्या तीन छिद्रांपैकी एकातून फक्त ५ गिगाबिटनं फाइल जाते, दुसऱ्यातून बाहेरचा पडदाही लागतो, तिसऱ्यातून चार्जिंगही होतं. तुम्ही पिशवीवाले आहात, चार्जिंग टाइप-सीवरून होणारा घ्या. ६५ वॉटचा एक चार्जर फोनलाही चालतो, विसरलात तर कुणाचाही मागता येतो.

एसएसडीसाठी डोकं तापवू नका. साटा जातीची साधारण ५५० एमबी प्रतिसेकंद, एनव्हीएमई तिसऱ्या पिढीची साडेतीन हजार, चौथ्या पिढीची सात हजारांपर्यंत. दस्तऐवज उघडताना तिसरी आणि चौथी यांतला फरक तुम्हाला कळणार नाही. ५१२ घेतली आणि विंडोजनं ४७६ दाखवली तर भांडायला जाऊ नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं.

फ्रेमपाडू

एनपीयू (एआयची गणितं करणारा चिपमधला भाग), एआय पीसी वगैरेंवर कुणी बोलणार का? मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' शिक्क्याला सेकंदाला ४० लाख कोटी गणितं करणारा एनपीयू, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी जागा लागते.

दोन_स्क्रू

त्यातली १६ जीबीची अट मला आवडते. त्या शिक्क्यामुळे निदान ८ वाले बाजूला पडले. बाकी आज त्यासाठी जादा पैसे मोजावेत असं यांच्या कामात मला काही दिसत नाही. कॉलमधली पार्श्वभूमी धूसर होताना बॅटरी थोडी वाचेल, इतकंच.

पाणपोई२

कुणी मॅकबुक एअर का सुचवलं नाही? ऑक्टोबर २०२४ पासून ॲपलनं त्यात १६ जीबी ही सुरुवातच केली. पंखा नाही, आवाज नाही, पडदा आणि बॅटरी यांची वर केलेली सगळी चर्चा तिथे लागूच नाही.

शाईपेन

लागू नाही हे खरं. पण रॅम आणि जागा दोन्ही पहिल्याच दिवशी कायमची ठरते, आणि वरच्या पायरीला ते जे मागतात त्यात जीव घाबरा होतो. काठावरचा, तुमचं एखादं जुनं, विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर आहे का? टंकलेखनाचं, हिशोबाचं, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर? असेल तर आधी त्याची यादी करा. हीच यादी स्नॅपड्रॅगन चिपवाल्या (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीच्या) विंडोज लॅपटॉपसाठीही लागेल. प्रोग्रॅम बहुतेक चालतात, जुने ड्रायव्हर तिथे अडतात.

काठावरचा

हिशोबाचं एक आहे, २००९ चं. ते सोडता येत नाही. मॅक बाद.

दोन दिवस गायब होतो, कारण तक्ता फाडून नवीन केला. प्रोसेसरचा रकाना शेवटी नेला. पहिले रकाने: निट्स, रंग, वॉट-तास, रॅम सोल्डर की स्लॉट, टाइप-सीवर चार्जिंग. ज्याच्या पानावर आकडा नाही तिथे फुली. या चाळणीत क, ख, ग तिन्ही गळाले! एक नवीन आला.

घ (१४२): कोअर आय५ १३३५यू, १६ जीबी (८ सोल्डर, ८ स्लॉटमध्ये), ५१२ जीबी, १४ इंची १९२० गुणिले १२००, ४०० निट्स, १०० टक्के एसआरजीबी, ५७ वॉट-तास, टाइप-सी चार्जिंग. वजन १.४ किलो.

म्हणजे ग पेक्षा स्वस्त. ग मध्ये १ टीबी जागा आणि आय७ जास्त, रॅम सारखीच, बाकी सगळ्यात घ पुढे. मी काही चुकवतोय का? १४ इंच डोळ्यांना बारीक होईल का?

दोन_स्क्रू

विंडोज त्यावर अक्षरं सव्वा किंवा दीडपट करून दाखवेल, बारीक होणार नाही. टेबलावर बाहेरचा पडदा लावलात तर प्रश्नच मिटतो.

एकच गोष्ट तपासा. मॉडेलचं नाव नाही, पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसह. एकाच नावाखाली ३०० निट्सचाही असतो आणि ४०० चाही, फरक फक्त त्या शेपटातल्या दोन-तीन अक्षरांत. विक्रीच्या पानावर छायाचित्र एकच. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथले आकडे माना, विक्रेत्याच्या पानावरचे नाही.

आणि खोडलेल्या भावाकडे बघू नका. १४२ च्या शेजारी २१० खोडलेला असेल, पण त्या २१० ला तो कुणी घेतला होता का? मागच्या तीन महिन्यांतला सर्वांत कमी भाव काय होता, तेवढंच कामाचं.

धूळभक्षक

हमीत बॅटरी किती काळ येते तेही वाचा. लॅपटॉपला तीन वर्षं आणि बॅटरीला एकच, असं सर्रास असतं.

काठावरचा

क्रमांक तपासला. बरं झालं तपासला! विक्रीच्या पानावरचा होता तो ३०० निट्स, ४५ टक्केवाला, आणि वर्णनात ४०० वाल्याचे आकडे डकवलेले. विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "दोन्ही एकच आहेत, सर." दुसरीकडे बरोबर शेपटाचा मिळाला, १४७ ला. घेतला.

काल आला. परत करायला दहा दिवस आहेत म्हणून लगेच तपासणीला बसलो. बॅटरी अहवाल: मूळ ५७, आत्ताची ५७.३. ग्राफिक्सचं नाव: आयरिस एक्सई, म्हणजे दोन्ही मार्ग चालू. एसएसडी ४७६ दाखवतेय, भांडलो नाही. काळ्या, पांढऱ्या, लाल पानांवर मेलेला ठिपका शोधला, नाही सापडला. दोन तासांच्या कॉलमध्ये पंखा ऐकू आला, पण समोरच्याला नाही. २००९ चं हिशोबाचं सॉफ्टवेअर पहिल्या झटक्यात चाललं, आणि पहिल्या झटक्यातच मागच्या वर्षीची एक बेरीज चुकलेली सापडली.

शाईताई, पान पांढरं आहे.

शाईपेन

:) लाल दुरुस्त्या करून बघा आता.

अर्धवट_टॅब

अभिनंदन! आणि तो २०१६ वाला टाकून देऊ नका, मला द्या. रंग कुठला आहे?

काठावरचा

करडा. त्यावर लिनक्स टाकून बायकोनं आधीच ताब्यात घेतलाय. म्हणते, "माझा १०० पेक्षाही स्वस्त पडला."